चिकटपट्टी सगळ्यांना दिसत होती

‘८८ टक्के अपघात कामगारांच्या चुकीच्या वागण्यामुळे’ हे कारखान्यातल्या सुरक्षेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. हा आकडा अमेरिकेतल्या हाइनरिक या औद्योगिक सुरक्षातज्ज्ञाचा, १९३१ सालचा. तोही विमा कंपनीच्या आणि कारखानदारांच्या कागदांवरून काढलेला. त्यात दोष कुणाच्या माथी येणार, हे उघड आहे.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, मी कामाला होतो. दोन्ही हात बटणांवर असले तरच स्ट्रोक, म्हणजे यंत्राचा दाब, पडावा आणि हात खाली सापडू नये, म्हणून पॉवर प्रेसला दोन बटणं. आमच्याकडे एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबलेलं, जॉब (तयार झालेला भाग) काढायला एक हात मोकळा! सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा, कारण नियमाने चाललं तर शिफ्टचं टार्गेट भरायचंच नाही. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सुरक्षेची शपथ मात्र खड्या आवाजात. आधी टार्गेट दोन बटणांच्या हिशेबाने लावा, मग आमची वागणूक सुधारायला या.