रीफर माल थंड करत नाही, थंड ठेवतो

रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला मालवाहू कंटेनर, यावरचा लेख आवडला, पण ‘द्राक्षं भरली की कंटेनर त्यांना शून्य अंशावर आणतो’ हे वाक्य खटकलं. निफाडकडच्या पॅकहाऊसमध्ये (जिथे द्राक्षं निवडून खोक्यांत भरतात) चार हंगाम काढलेत म्हणून लिहितो. रीफरचं काम आधीच थंड झालेल्या मालाचं तापमान टिकवणं. बागेतून आलेली गरम द्राक्षं आधी प्री-कूलिंगमध्येच, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्यापूर्वी थंड करण्याच्या टप्प्यातच, शून्याजवळ उतरवावी लागतात. तशीच भरली तर मशीन दिवसरात्र चालून डिस्प्लेवर शून्य दाखवील, खोक्याच्या पोटात मात्र घड ऊबदारच!

दुसरं म्हणजे हवेचा रस्ता. थंड हवा तळाच्या खाचांमधून येते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत जाते. म्हणून आतल्या लाल रेषेच्या वर माल रचायचा नसतो. एकदा आमच्याकडे कुणीतरी ‘अजून चार खोकी बसतील की’ म्हणत रेषा ओलांडली. पुढे काय झालं ते न विचारलेलंच बरं.

केळीला हाच शून्याचा हिशोब लावू नका हं. तिला साधारण १३ अंश लागतात, त्याहून खाली गेली की साल काळवंडते.

आणि २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपातल्या रॉटरडॅम बंदराला जाऊ लागली, तेव्हा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. प्री-कूलिंगमध्ये कुणी घाई केली होती, ते तिकडे दार उघडल्यावरच कळलं.