कॉलेजच्या खेळाडूने पैज लावली तर बिघडतं काय?

वाद पेटला तो मंदारच्या प्रश्नावरून. "अमेरिकेतल्या कॉलेजचा खेळाडू २१ वर्षांचा झाला. त्याच्या शेजारी वर्गात बसणारा मित्र फोनवरून एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सामन्यावर खुशाल पैज लावतो, त्याला कायद्याने कोणी हटकत नाही. मग याने २० डॉलर लावले तर याचा सीझन का बुडवायचा?"

प्रश्न अगदीच वावगा नाही. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्याच समित्यांनी २०२५च्या ऑक्टोबरमध्ये खेळाडूंना व्यावसायिक खेळांवर पैज लावायची मुभा मंजूर केली होती. ती लागू व्हायच्या आत, नोव्हेंबरमध्ये, डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, दोन-तृतीयांश कॉलेजांनी विरोधात मत दिलं आणि ती रद्द झाली. त्यामुळे जुनी बंदी जशीच्या तशी आहे.

"पण बंदी नेमकी कशावर?" नानांनी विचारलं.

वृषालीला हे सगळं पाठ आहे. एनसीएए ज्या खेळाच्या स्पर्धा भरवते, त्या खेळावर कुठल्याच पातळीवर पैज लावायची नाही. बास्केटबॉल कॉलेजचा असो, हौशी असो की एनबीएचा. खेळाडू, प्रशिक्षक, क्रीडा विभागातले कर्मचारी, सगळ्यांना हे लागू. फी भरून बक्षीस मिळणारी फँटसी लीग त्यात येते. मार्च मॅडनेस या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या वेळी हॉस्टेलवर पाच-पाच डॉलर काढून ब्रॅकेट, म्हणजे कोण जिंकेल याच्या अंदाजांचा तक्ता, भरतात, तेही येतं. फुकटचं ब्रॅकेट चालतं. घोड्यांच्या शर्यती एनसीएए भरवत नाही, म्हणून त्या या नियमाबाहेर आहेत. मात्र कॉलेजचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो, तो आधी वाचलेला बरा.

"आणि २० डॉलरने सीझन बुडत नाही रे," ती मंदारला म्हणाली. २०२३च्या जूनमध्ये एनसीएएने शिक्षेचं कोष्टक ठरवलं. दुसऱ्यांच्या सामन्यांवर लावलेली एकूण रक्कम २०० डॉलरपर्यंत असेल तर नियमांचं प्रशिक्षण घ्यायचं, बस्स. २०१ ते ५०० झाली की प्रशिक्षण आणि सीझनचे १० टक्के सामने बाहेर. ५०१ ते ८०० ला २० टक्के. ८०० च्या वर ३० टक्के, आणि रक्कम फारच मोठी असेल तर त्याहून जास्त. फुटबॉलच्या १२ सामन्यांच्या सीझनमध्ये ३० टक्के म्हणजे साडेतीन-चार सामने.

इथे पोरं एका ठिकाणी हमखास फसतात. हिशोब धरला जातो तो लावलेल्या रकमेचा. जिंकलात की हरलात याला त्यात किंमत नाही. खात्यात ५० डॉलर टाकले, २० लावले, जिंकले, तेच परत लावले, हरले, परत लावले. महिन्याअखेर खात्यात ६० डॉलर आहेत, म्हणजे पोराच्या मते १० डॉलर सुटले. पण २०-२० च्या ४१ पैजा झाल्या असतील तर बेरीज ८२० होते आणि तो कोष्टकाच्या शेवटच्या पायरीवर पोचलेला असतो. स्वतःच्या सामन्यावर पैज लावली, निकालात ढवळाढवळ केली किंवा पैज लावणाऱ्याला आतली माहिती पुरवली, तर या पायऱ्याच नाहीत. तिथे पात्रता कायमची जाऊ शकते. सामना फिक्स करायला लाच दिली-घेतली असेल तर १९६४चा केंद्रीय कायदा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

"मग मित्राच्या खात्यावरून लावतात," समीर म्हणाला.

लावतात आणि तिथेच सापडतात. ॲपला खातेदाराचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे आकडे लागतात, आणि पैज लावताना फोन नेमका कुठे आहे हेही दर वेळी तपासलं जातं, कारण सट्ट्याचा परवाना राज्याराज्याचा वेगळा. नाव आईचं आणि फोन मात्र रोज संघाच्या सराव संकुलात, ही विसंगती कागदावर राहते. आयोवा राज्यात २०२३ मध्ये हेच झालं. तपासयंत्रणेने दोन मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा इमारतींमधून ॲप किती उघडली जातात ते पाहिलं. दुसऱ्याच्या नावाचं खाते वापरलं म्हणून बऱ्याच खेळाडूंवर नोंदींमध्ये फेरफार केल्याचे गुन्हे लागले, अनेकांनी वय कमी असताना जुगार खेळल्याचं कबूल करून दंड भरला. पुढे तपासाच्या पद्धतीवरच बोट ठेवलं गेलं आणि २०२४च्या मार्चमध्ये काहींवरचे आरोप मागे घेतले गेले. तोवर सीझन निघून गेला होता. शिवाय आता कॉलेजं आपल्या खेळाडूंची यादी सांकेतिक रूपात एका प्रणालीवर चढवतात, बेटिंग कंपनीची खातेदारांची यादी तिच्याशी ताडली जाते आणि नाव जुळलं की कॉलेजला कळतं.

नानांना सट्ट्याचं गणित सतावत होतं. ते त्यांनी वहीच काढून मांडलं, आणि इतकं सोपं करून सांगितलं की इथे देतोच. साध्या पैजेचा नेहमीचा भाव उणे ११०. म्हणजे १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. शंभरातल्या ५० पैजा जिंकलात तर तोटा आहे; बरोबरीत सुटायलाच ५२.३८ टक्के जिंकाव्या लागतात. आता पार्ले घ्या, म्हणजे अनेक अंदाजांची मिळून एकच पैज; सगळे बरोबर आले तरच पैसे. असे चार अंदाज एकत्र बांधले तर १० डॉलरवर सुमारे १३३ डॉलर परत मिळतात. चारही अंदाज खरोखर निम्मे-निम्मे असतील, तर न्याय्य परतावा १६० होतो. साध्या पैजेत कंपनी सरासरी साडेचार टक्के खाते, चार अंदाजांच्या पार्लेत १७ टक्के. आणि ॲप उघडल्या उघडल्या समोर काय येतं? पार्ले.

"खेळाडूला वाटतं, मला खेळ कळतो," वृषाली म्हणाली. "खेळ त्याला कळतोही. भाव कसा ठरतो ते कळत नाही. एनबीएवर हरला की भरून काढायला तो त्या सामन्याकडे वळतो ज्याची बातमी फक्त त्याच्याकडे आहे. मंदार, तुझी मुभा मला पटत नाही ती याच कारणाने. ॲप तेच, खातं तेच, कर्जही तेच."

माझंही मत इथे वृषालीकडे झुकतं. खेळाडूच्या खिशातून पैसे जातात हे वाईटच, पण कर्ज झालं की दुसऱ्याला त्याच्याकडून काहीतरी मागता येतं, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. टोरोंटो रॅप्टर्सच्या जोन्टे पोर्टरचं प्रकरण एनबीएचं आहे, पण कॉलेजच्या प्रत्येक संघाला सांगावं असं. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार त्याच्यावर जुगाराचं मोठं कर्ज होतं आणि ते फेडायला त्याला सामन्यातून लवकर बाहेर पडायला सांगण्यात आलं. २० मार्च २०२४ च्या सामन्यात तीन मिनिटं खेळून बरं वाटत नाही म्हणत तो बाहेर गेला. त्याचे सामन्यातले आकडे बेटिंग कंपनीने ठरवलेल्या रेषेखाली राहतील अशी ८०,००० डॉलरची पार्ले आधीच लागलेली होती, जिंकली तर ११ लाख डॉलर. कंपनीला संशय आला, पैसे अडवले. एप्रिलमध्ये त्याच्यावर आजीवन बंदी आली, जुलैमध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला.

यात सामना हरवावा लागला नाही, हे नीट पाहा. पूर्वी स्प्रेडसाठी, म्हणजे किती फरकाने जिंकणार-हरणार यावरच्या पैजेसाठी, संघातले दोन-तीन जण फोडावे लागत. एका खेळाडूच्या आकड्यांवरच्या पैजेला, म्हणजे प्रॉप बेटला, एकच माणूस पुरतो आणि त्याला वाईट खेळायचीही गरज नसते. पाय मुरगळल्याचं सांगून तो बाकावर बसला तरी 'अंडर', म्हणजे आकडे रेषेखाली राहण्याची पैज, लागतो. म्हणून एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४च्या मार्चमध्ये कॉलेज खेळाडूंवरचे प्रॉप सगळीकडे बंद करा अशी मागणी केली. ओहायो, मेरीलँड, व्हरमाँट, लुईझियाना या राज्यांनी त्याच वर्षी ते बंद केले. सगळ्या राज्यांनी करायला हवेत, आणि लवकर.

समीरला शंका होती की अशा पैजा पकडल्या जात असतील का. मग अलाबामाचा किस्सा निघाला. २८ एप्रिल २०२३, कॉलेज बेसबॉल, अलाबामा विद्यापीठ विरुद्ध एलएसयू (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी). अलाबामाचा सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दुखापतीमुळे खेळणार नव्हता आणि ते जाहीर व्हायच्या आत प्रशिक्षकाने एका ओळखीच्याला कळवलं. तो माणूस सिनसिनाटीच्या स्टेडियममधल्या बेटिंग काउंटरवर गेला आणि एलएसयूवर १,००,००० डॉलर लावायला निघाला. कॉलेज बेसबॉलवर एवढी रक्कम कोणी लावत नाही. कर्मचाऱ्यांनी त्याला १५,००० वर थांबवलं, पुढच्या पैजा नाकारल्या आणि वर कळवलं. आठवडाभरात प्रशिक्षकाची नोकरी गेली.

त्या किश्श्यात विकली गेली ती एक ओळीची बातमी: आज कोण खेळणार नाही. खेळाडूकडे ती रोज असते. रूममेट विचारतो, "गुडघा कसाय?" चुलतभाऊ ग्रुपवर विचारतो. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणूस आधी कौतुक करतो आणि चौथ्या मेसेजला विचारतो, "शनिवारी आहेस ना?" बिग टेन आणि एसईसीसारख्या कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे गट, सामन्याआधी कोण उपलब्ध आहे याची यादी जाहीर करू लागल्या त्या यासाठीच. बातमी सगळ्यांना मिळाली की एकट्याच्या कानातल्या बातमीची किंमत उतरते. तोवर उत्तर एकच: "दुखापतीबद्दल मी बोलत नाही." घरच्यांनाही हेच. 'हो' किंवा 'नाही' एवढंही लिहायचं नाही. पैशाची भाषा आली तर मेसेज पुसायचा नाही, स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी कॉलेजच्या, नियम पाळले जातात की नाही ते पाहणाऱ्या, कंप्लायन्स ऑफिसला द्यायचा. पैज हरलेले लोक शिव्या घालतात, व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपवर पैसे परत मागतात, तेही तिथेच द्यायचं.

मंदार मात्र हटला नाही, आणि त्याचा शेवटचा मुद्दा मला खोडता आला नाही. "३,००० डॉलर हरलेला पोरगा कुणाला सांगणार? सांगितलं की ३० टक्के सीझन गेला. म्हणून तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्यालाच सावकार गाठतो." यावर आत्ताच्या नियमात जेवढं करता येतं ते वृषालीने सांगितलं. आधी परवानाधारक समुपदेशकाकडे जावं, त्याच्यावर गोपनीयतेचं बंधन असतं. कंप्लायन्स अधिकाऱ्याला मात्र नियमभंग कळला की तो वर कळवावाच लागतो. राज्याच्या सेल्फ-एक्सक्लूजन यादीत, म्हणजे स्वतःहून जुगारापासून दूर राहणाऱ्यांच्या यादीत, नाव घालावं, म्हणजे तिथल्या परवानाधारक ॲपवर खातं चालत नाही. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्यात असेल तर दोन्हीकडे वेगळी नोंद करावी लागते. जुगार सोडवणारी हेल्पलाइन १-८००-४२६-२५३७.

"आणि स्वतःहून आलेल्याला शिक्षेत माफी?" मंदारने विचारलं. व्यावसायिक खेळांपुरती, पकडला जायच्या आधी आला असेल तर द्यावी, यावर वृषालीसुद्धा तयार झाली. स्वतःच्या सामन्यावर लावलेल्याला नाही. नाना म्हणाले, कर्ज कुणाचं आहे हे सांगितलं तर त्यालाही थोडी द्या, म्हणजे निदान सावकार सापडेल. त्यावर परत जुंपली.