बिचारा कशाचा?

काल फॅमिली ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. ‘ओळखा पाहू हा कोण?’ डावीकडे जुन्या सिनेमातला गोबऱ्या गालांचा पोरगा, उजवीकडे टक्कल पडलेला माणूस, मध्ये लाल बाण. खाली लगेच आत्याचं, ‘अरेरे, काय अवस्था झाली बिचाऱ्याची!’

अवस्था म्हणजे काय, तर त्याचं वय वाढलं होतं आणि त्याने एका सिनेमात चार मिनिटांचं काम केलं होतं.

मला हे ‘बिचारा’ फार खटकतं. बालकलाकार मोठा झाला की त्याने एकतर हिरो व्हायचं, नाहीतर गायब व्हायचं. मधलं काही आपल्याला चालतच नाही. लहान भूमिका केली की संपला.

‘शोले’तला अहमद आठवा. इमामसाहेबांचा मुलगा, नोकरीसाठी बाहेरगावी निघालेला. पडद्यावर असतो जेमतेम काही मिनिटं. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि मग घोड्यावरून त्याचं प्रेत गावात येतं. पुढची ती शांतता सगळ्यांना पाठ आहे, पण ती ज्याच्यामुळे पसरते तो पोरगा म्हणजे १९६३च्या ‘हा माझा मार्ग एकला’मधला छोटा सचिन. एवढुसा असताना अख्खा सिनेमा पेललेला मुलगा १९७५ साली एवढंसं काम करतो, आणि ते नसतं तर पुढची कथा हललीच नसती. त्याला कुणी बिचारा म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. (त्याच वर्षी ‘गीत गाता चल’चा हिरो तोच होता, ही गोष्ट वेगळी.)

दुसरं माझं लाडकं उदाहरण पीटर बिलिंग्जली. १९८३च्या ‘अ ख्रिसमस स्टोरी’तला चष्मेवाला पोरगा, अमेरिकेत तो सिनेमा दर नाताळात टीव्हीवर लागतो. हाच माणूस २००८च्या ‘आयर्न मॅन’मध्ये एका सीनपुरता आहे. त्यातला हिरो म्हणजे टोनी स्टार्क. खलनायक त्याच्या अंगावर खेकसतो, टोनी स्टार्कने गुहेत बसून बनवलं ते तुम्हाला जमत नाही? आणि हा पडेल आवाजात सांगतो, माफ करा, मी टोनी स्टार्क नाही. कंपनीत साहेबाच्या शिव्या खाल्लेल्या प्रत्येकाला तो चेहरा ओळखीचा वाटेल. मी सिनेमा दोनदा पाहिला तरी मला पत्ता नव्हता तो कोण. गंमत म्हणजे त्या सिनेमाचा तो कार्यकारी निर्माताही होता. घ्या, बिचारा!

आता उलट बाजू. मला ‘हा बघा, तोच तो!’ छापाच्या पाहुण्या भूमिका आवडत नाहीत. जुना डायलॉग पुन्हा म्हणायला लावायचा, थिएटरात शिट्ट्या, संपलं. तिथे नटाला काही करायचंच नसतं, त्याचं बालपण तेवढं पुन्हा विकलं जातं. नट म्हणून काम मिळालं की नाही याची माझी साधी कसोटी आहे: तो मला उशिरा ओळखू आला पाहिजे.

आणि के हुई क्वानचं उदाहरण देऊ नका. १९८४ साली ‘इंडियाना जोन्स’च्या सिनेमात झळकलेला पोरगा, पुढे कामं आटली, कॅमेऱ्यामागे गेला, २०२३ला ऑस्कर. मलाही भरून आलं होतं. पण या गोष्टीचा अर्थ आपण असा लावतो की शेवटी ऑस्कर मिळाला म्हणून मधली वर्षं माफ. नसता मिळाला तर?

पोटापाण्याचंही असतं. जॅकी कूगन, चॅप्लिनच्या १९२१च्या ‘द किड’मधला पोरगा. मोठा झाल्यावर कळलं की कमाई आई आणि सावत्र बापाने उडवलीय. कोर्टात गेला, हाती थोडंच लागलं, पण त्यावरून १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. अशा माणसाने पुढे मिळेल ते काम घेतलं तर त्यात लाज कसली? आपणही महिन्याच्या पगारासाठीच जातो की कामावर.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं, ‘त्याचा तो सीन कुणी बघितलाय का?’

सगळ्यांच्या निळ्या टिक्स आल्यात. उत्तर अजून नाही. आत्याने मात्र मघाशी गुड मॉर्निंगचं फूल टाकलंय.