काका, स्कूटर आणि तुमची आजी

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेऊन. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शेजारच्या काकांना मी स्कूटरवरून डायलिसिसला नेतो हे लिहिणं म्हणजे मिरवणं, त्यात येशू आणला की झाला धर्मांतराचा गळ, आणि तुमच्या आजीने ख्रिस्ताचं नावही न घेता जन्मभर हेच केलं.

मिरवण्याचं मान्य. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि मी गावभर सांगून बसलो.

गळाचा संशय आमच्या नगर जिल्ह्यात जुना आहे, आणि उगाच नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इथल्या कितीतरी दलित कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात आमचंही. पोटासाठी घेतला, की कुणी शेजारी बसवून नाव विचारलं म्हणून? दोन्ही असेल. मला त्याची लाज नाही. काकांपुरतं सांगायचं तर आठ महिन्यांत धर्माचा विषय एकदाच निघाला. त्यांच्या डाव्या हाताला फिश्चुला आहे (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या), त्यावर जोर द्यायचा नाही, म्हणून उजव्या हाताने माझा खांदा धरतात आणि फाईलची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये दाबून बसतात. सिग्नलला म्हणाले, "तुमच्यात उपास असतात का हो?" म्हटलं, ईस्टरच्या आधी चाळीस दिवस, पण माझ्याकडून धड होत नाहीत. "मग मीच पक्का! डॉक्टरांनी पाण्याचाही उपास लावलाय, बारमाही." एवढंच आमचं प्रवचन.

आता आजी. लूकच्या दहाव्या अध्यायात मार खाऊन वाटेत पडलेल्या माणसाला याजक टाळतो, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवेकरी, तोही टाळतो. थांबतो तो शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी भ्रष्ट धर्माचा. जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेवाल्याला दोन दीनार देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. 'तूही तसंच कर' म्हणताना येशूने बोट दाखवलं ते या माणसाकडे. तुमची आजी त्या गोष्टीत आहेच. मी मात्र कित्येकदा 'उपासनेला उशीर होतोय' म्हणत पलीकडून निघून गेलेलो आहे.

येशू लागतो तो मला, शुक्रवारी पहाटे साडेपाचला पांघरूण फेकायला. मुळात आळशी माणूस. आजींना नसेल लागला.

'हेच खरं ख्रिस्तीपण' वगैरे असलेला शेवटचा परिच्छेद काढलाय, तिथे तुमचा राग रास्त होता. लेख काकांना आधी वाचून दाखवला होता. त्यांची तक्रार एकच, स्कूटर फार जोरात चालवतो हे लिहिलं नाही.