'कॅमेऱ्यासमोर उरकलेली नाटके' या आक्षेपाला उत्तर

महोदय,

'संत तुकाराम' (1936) आणि 'कुंकू' (1937) या प्रभात फिल्म कंपनीच्या दोन चित्रपटांवरील माझ्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी वाचली. आज मराठी चित्रपटात ज्या संयमाचे आणि धिटाईचे आपण सारे कौतुक करतो, ती प्रभातच्या या दोन चित्रपटांत पूर्ण रूपाने होती, एवढेच त्या लेखात मी मांडले होते. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपली प्रतिक्रिया येथे जशीच्या तशी देतो : "प्रभातचे चित्रपट म्हणजे कॅमेऱ्यासमोर उरकलेली नाटके आहेत. मराठी सिनेमा खऱ्या अर्थाने 'फँड्री' आणि 'कोर्ट'पासून सुरू झाला. त्याआधी पडद्यावर कोण दिसायचे आणि कॅमेरा कोणाच्या हातात होता, यावर तुमच्यासारखी माणसे बोलतच नाहीत. गाणी काढली तर त्या चित्रपटांत उरते काय? आठवणींचा चष्मा उतरवा, काका."

आपली माझी ओळख नाही, आणि 'काका' हे नाते आपण ज्या सुरात जोडले आहे तो सूर आपुलकीचा नाही. मतभेद असणे स्वाभाविक आहे, परंतु ज्याने चार पाने लिहून आपले म्हणणे प्रसंगांसह मांडले त्याला वयावरून निकालात काढणे हा वाद घालण्याचा कोणता प्रकार आहे, हे मला समजलेले नाही. आपला एकही शब्द मी गाळलेला नाही, यावरून टीकेची मला भीती वाटत नाही हे आपल्या लक्षात येईल. मला खटकते ती टीकेतली बेफिकिरी. 'तुमच्यासारखी माणसे' म्हणजे कोणती माणसे? मी कोण, कोठला, काय पाहत आलो, यातले काहीही ठाऊक नसताना आपण मला एका घोळक्यात उभे केले आहे.

आठवणींच्या चष्म्याचे म्हणाल तर तो आरोप साध्या हिशेबावरही टिकत नाही. 'संत तुकाराम' प्रदर्शित झाला तेव्हा माझा जन्म व्हायला पंचवीस वर्षे अवकाश होता. मला जुन्या आठवणींचा उमाळा येत असता तर मी 'सोंगाड्या' किंवा 'पिंजरा' यांवर लिहिले असते, कारण ते चित्रपट लागले तेव्हा मी कोल्हापुरात शाळेत होतो आणि त्यांची गाणी गल्लीत दिवसभर ऐकू येत. त्या चित्रपटांवर माझे प्रेम आहे, पण या लेखात त्यांचा उल्लेखही नाही. माझे वडील एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. रिळे बदलणे, प्रोजेक्टरच्या दिव्यातली कार्बनची कांडी जळून आखूड झाली की ती पुढे सरकवणे, तुटलेली फिल्म जोडणे ही कामे मी त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिली आहेत. एखादा चित्रपट रोज तीन खेळांना पाहिला की त्यातला खोटेपणा तिसऱ्या दिवशी उघडा पडतो, आणि खरेपणा मात्र टिकून राहतो. जुन्या चित्रपटांची आवर्तने अधूनमधून तेथे होत. 'संत तुकाराम' मी प्रथम त्या केबिनच्या झरोक्यातून पाहिला. पुढे पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आणि फिल्म सोसायटीच्या खेळांना तो पुन्हा पाहिला. मी जे लिहितो ते अशा पाहण्यातून आलेले आहे.

आता आपल्या पहिल्या वाक्याकडे येतो, कारण प्रतिक्रियेचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. 'कॅमेऱ्यासमोर उरकलेली नाटके' हे विधान करण्यापूर्वी आपण 'संत तुकाराम'ची पहिली काही मिनिटे पाहिली आहेत का, हा प्रश्न मला विचारावाच लागतो. चित्रपट सुरू होतो तेव्हा तुकारामांचे काम करणारे विष्णुपंत पागनीस 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' हा अभंग म्हणत असतात. चेहरा शांत, आवाजात कसलाही आटापिटा नाही, डोळे मिटलेले. त्यानंतर आपण सालोमालोकडे जातो. तोच अभंग आपला म्हणून मिरवणारा हा माणूस ते शब्द नाटकी थाटात आळवतो. आपण ज्या दोषाबद्दल दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता, तो दोष त्यांनी स्वतः ओळखला होता, चित्रपटाच्या आरंभीच त्याला खलपात्राच्या तोंडी घातले होते, आणि भक्तीतला खोटेपणा व अभिनयातला खोटेपणा एकच आहे हे एकही संवाद खर्च न करता दाखवले होते. रंगभूमीच्या शैलीपासून आपण वेगळे काय करतो आहोत याची इतकी स्वच्छ जाण असलेल्या चित्रपटाला चित्रित केलेले नाटक म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि आपण 'कोर्ट'चे नाव घेतले म्हणून ती सांगणे अगत्याचे आहे. 'कोर्ट'मध्ये सरकारी वकील असलेली बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जाते. परप्रांतीयाची टर उडवणारे ते नाटक, त्यावर पोट धरून हसणारा प्रेक्षकवर्ग, आणि त्या प्रेक्षकांत बसलेली, एरवी साधी, कष्टाळू, लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करणारी ही बाई. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी तो प्रसंग तेथे का ठेवला? रंगमंचावरचा भडकपणा शेजारी ठेवला की न्यायालयातली निर्विकार, कागदी हिंसा अधिक स्पष्ट दिसते, म्हणून. चित्रपटाच्या आत नाटक ठेवून त्याच्या विरोधात आपला सूर लावण्याची ही पद्धत 1936 च्या चित्रपटातही होती. ताम्हाणे यांनी ती तेथून उचलली असे मी म्हणत नाही, आणि तसे सुचवलेलेही नाही. परंतु ज्या चित्रपटापासून आपल्या मते मराठी सिनेमा सुरू झाला, त्याचा एक महत्त्वाचा विचार त्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षे आधीच्या चित्रपटात सापडतो, ही वस्तुस्थिती आपण डावलू शकत नाही.

आणि 'नाटक' या शब्दाने आपल्याला स्थिर, समोरून लावलेला कॅमेरा अभिप्रेत असेल, तर आपल्या कसोटीवर सर्वांत आधी 'कोर्ट'च नापास होईल. त्या चित्रपटात कॅमेरा बहुतांश वेळ जागचा हलत नाही. माणसे चौकटीत येतात, बोलतात, निघून जातात. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि पडदा काळा होईपर्यंत कॅमेरा तेथेच थांबतो. मला तो प्रसंग अतिशय आवडतो. कॅमेरा स्थिर आहे म्हणून मी त्याला नाटक म्हणत नाही. हीच उदारता आपण प्रभातला दाखवली असती तर हे उत्तर लिहिण्याची वेळ आली नसती.

'कुंकू'बद्दल तर मला अधिकच वाईट वाटले. फसवून काकासाहेब या वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते, ही कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. व्ही. शांताराम यांनी 1937 साली या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरले नाही. घड्याळाची टिकटिक आणि घरातले, भोवतालचे आवाज, एवढ्यावर ताण उभा केला. आजही आपल्याकडे प्रत्येक अश्रूखाली व्हायोलिनचा ताफा उभा असतो. अशा वेळी बोलपटाला भारतात सहाच वर्षे झालेली असताना पार्श्वसंगीताचा हा आधार काढून घेणे म्हणजे किती मोठी जोखीम होती, याचा क्षणभर विचार करावा. काकासाहेबांना फुटक्या आरशात स्वतःचाच चेहरा अनेक तुकड्यांत दिसतो, तो प्रसंग रंगमंचावर करून दाखवता येईल का? शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्यातले काय दिसेल? तो प्रसंग केवळ कॅमेऱ्यालाच शक्य आहे.

काकासाहेबांचे काम केशवराव दाते यांनी केले, आणि ते रंगभूमीवरचे नट होते, हे खरे. पण कोणत्या रंगभूमीवरचे? 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले त्या चळवळीशी दाते आणि 'कुंकू'चे संगीतकार केशवराव भोळे या दोघांचेही नाते होते. मराठी नाटकातला बडेजाव आणि पल्लेदार भाषणे बाजूला सारून घरातल्या माणसांसारखे बोलायला लावण्याचा तो प्रयत्न होता. म्हणजे त्या काळी नाटकही आपण समजता तसे उरलेले नव्हते. 'नाटकी' हा शब्द शिवीसारखा वापरताना आपण चित्रपटावर तर अन्याय केलाच, मराठी रंगभूमीवरही केला. दाते यांनी त्या म्हाताऱ्याला राक्षस केले नाही. त्याची लाज, त्याची हौस, आणि आपण काय केले हे उमगल्यावर खचत जाणारी त्याची मान, हे सारे त्यांनी इतक्या हळुवारपणे दाखवले आहे की नीरेची बाजू शंभर टक्के पटत असताना त्याच्याबद्दलही कळवळा येतो.

'संत तुकाराम'मध्ये तुकोबांच्या पत्नीचे, जिजाईचे काम करणाऱ्या गौरी या प्रभातमध्ये साफसफाईचे काम करत असत आणि तेथूनच किरकोळ भूमिकांकडे वळल्या. मुलगा आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरणारी, देवाला जाब विचारणारी ती बाई कोणत्या नाट्यशाळेत शिकलेली होती? आपण ज्याला नव्या सिनेमाचा शोध मानता, म्हणजे नट नसलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या अंगलटीसह पडद्यावर आणणे, तो शोध पुण्याच्या त्या स्टुडिओत आधीच लागला होता. 'पडद्यावर कोण दिसायचे' या आपल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. कॅमेरा कोणाच्या हातात होता हा विषय मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. माझा लेख त्यावर नव्हता. ज्या विषयावर लेख नाही, त्या विषयावर तो का नाही असे विचारणे म्हणजे कोणत्याही लेखावर घेता येण्याजोगा आक्षेप आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ला माझ्या लेखात एकच परिच्छेद मिळाला, तो आणखी लांब असता तर चालले असते. राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकरामागे धावणारे सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, तो प्रसंग मराठी चित्रपटातल्या थोर प्रसंगांपैकी आहे. त्याबद्दल माझ्या मनात कधीही शंका नव्हती. जुन्या प्रतींचा आवाज खरखरीत असतो आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला संवाद पकडायला त्रास होतो, हेही मला मान्य आहे. 2003 साली पुण्यात जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत आपण काय गमावले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या खरखरीचीही किंमत कळते.

गाण्यांविषयी फार लिहीत नाही. 'आधी बीज एकले' ही शांताराम आठवले यांची रचना तुकोबांचा अभंग म्हणून जाणत्यांनीही गृहीत धरली, इतकी ती त्या चित्रपटाच्या श्वासात मिसळलेली आहे. ती 'काढली तर' काय उरते हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो. 'सैराट'मधली गाणी काढून पाहावीत असे मी कोणाला सुचवणार नाही, आणि त्या चित्रपटाच्या अखेरीस आवाजच काढून घेतला आहे तो प्रसंग इतका भिडतो याचे कारण आधीची गाणी आहेत, असे मी मानतो.

'कोर्ट'ला 2014 साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला, त्याचा मला आपल्याइतकाच अभिमान आहे. त्याच व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली 'संत तुकाराम'चा गौरव झाला होता. तेथील परीक्षकांना मराठी येत नव्हते, देहू ठाऊक नव्हते, आणि कोणाच्या आठवणींचा चष्माही त्यांच्या डोळ्यांवर नव्हता. त्यांनी पडद्यावर जे दिसले त्याचा सन्मान केला.

सांगलीच्या एका महाविद्यालयात मी काही वर्षे विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवत आलो आहे. अभियांत्रिकीची मुले-मुली जिजाईच्या तोंडच्या शिव्यांना मनापासून हसतात आणि शेवटी ती एकटी उरते तेव्हा गप्प होतात. त्यांना कोणी धरून बसवलेले नसते. ती आपल्याच वयाची असतील असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकीचा असेल तर तसे कळवावे, कारण आपण माझ्या वयाचा उल्लेख केलात, स्वतःच्या नाही.

पुढे लिहिणार असाल तर 'कुंकू'मधला किंवा 'संत तुकाराम'मधला कोणता प्रसंग, कोणत्या ठिकाणी आपल्याला नाटकी वाटला, ते नेमके लिहावे. त्या प्रसंगावर मी सविस्तर उत्तर देईन, आणि आपले म्हणणे पटले तर तसे येथेच लिहीन. लिहिणाऱ्याच्या वयावर आणि चष्म्यावर आलेल्या प्रतिक्रिया मात्र यापुढे येथे प्रसिद्ध होणार नाहीत.