अंगाला हात लावला नाही, म्हणून छळ नाही?

कोकणातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो. आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या अंगावर कोणी हात टाकत नाही, म्हणून छळही नाही. घर आणि आंब्याची कलमे मुलाच्या नावे झाली की कायद्यालाही काही करता येत नाही. आणि शेजाऱ्याने दुसऱ्याच्या घरात लक्ष घालू नये, असे त्याचे म्हणणे आहे.

मारहाण हा छळाचा केवळ एक प्रकार आहे. पेन्शनचे पासबुक काढून घेणे, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तरी न आणणे, मुंबईहून मुलीचा फोन आला की 'आई झोपली आहे' असे सांगून तो तिला न देणे, हाही छळच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे सहा जणांपैकी एकाला वर्षभरात असा काही अनुभव येतो. कोकण त्याला अपवाद का असावे, हे मजकूर सांगत नाही. गणपतीत आठ दिवस येणाऱ्या चाकरमान्याला दिसलेले नीटनेटके घर हा काही पुरावा नव्हे. दंडाच्या आतले वळ, घटलेले वजन, अंथरुणावर पडून झालेल्या जखमा, ठरावीक माणूस आला की गप्प होणे, यांतल्या एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही अंगावर काळेनिळे डाग पडतात), पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर त्या व्यक्तीला एकटीला गाठून विचारावे.

मालमत्तेविषयीचा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकून बक्षीसपत्र (मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करण्याचा दस्त) करून दिलेली माणसे गप्प बसतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट मोडली, तर या कायद्याखालचे न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट मात्र दाखवता आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले. तिथे मुलाने सांभाळण्याचे वचनपत्र वेगळे लिहून दिले होते. म्हणून दस्त करतानाच अट लिहून घ्यावी. केवळ फेरफाराची, म्हणजे सरकारी दप्तरात मालक बदलल्याची, नोंद झाली म्हणून सारे संपले, असे मानू नये.

शेजाऱ्याबद्दलचे म्हणणे कायद्यालाच धरून नाही. वृद्ध व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल, तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था निर्वाहासाठी अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. हा अर्ज चिपळूण, कणकवली, सावंतवाडी अशा आपापल्या उपविभागाच्या प्रांत कार्यालयात द्यावा. सल्ल्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. जिवाला धोका असेल तर थेट 112. त्याआधी छळ करणाऱ्याला जाब विचारायला जाऊ नये, कारण आपण परत फिरल्यावर रात्री त्या घरात म्हातारीसोबत तोच असतो.