लकव्याला सुई टोचू नका, गाडी काढा

घरात एक सुई हाताशी ठेवा, लकवा झालेल्या माणसाचा जीव वाचेल, असं सांगणारा मेसेज मराठी ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. कधी त्यावर चिनी प्राध्यापकाचा सल्ला असा मथळा असतो, कधी तैवानमधल्या कुठल्याशा कॉलेजातली १९७९ सालची गोष्ट जोडलेली असते. मजकूर साधारण असा: स्ट्रोक आलेल्या माणसाला जागचं हलवू नका, हलवलं तर मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. आहे तिथेच आधार देऊन बसवा. सुई गॅसवर तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा आणि वाटाण्याएवढा थेंब येईपर्यंत दाबा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा, मग दोन्ही पाळ्यांना दोनदोनदा टोचा. काही मिनिटांत रोगी शुद्धीवर येईल. पूर्ण सावरला की मग दवाखान्यात न्या.

पाठवणारे भल्या मनाने पाठवतात. काका, मामी, सोसायटीचे सेक्रेटरी, कोणाच्याही मनात वाईट नसतं. म्हणून तर हा मेसेज ‘चालायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही. अंगावरून वारं गेलं की कबुतराचं रक्त चोळायचं, हा उपाय आता शहरात कोणी मनावर घेत नाही. सुईवाला मेसेज मात्र शिकलेली माणसंही सेव्ह करून ठेवतात, कारण त्यात ‘केशवाहिन्या’ वगैरे शब्द आहेत.

पहिला दावा: हलवू नका, केशवाहिन्या फुटतील.

सगळ्यात घातक वाक्य हेच. सुईने होणारी इजा किरकोळ. या वाक्याने होणारी कायमची.

आधी त्यातलं शरीरशास्त्र पाहू. बहुतेक स्ट्रोकमध्ये, ढोबळमानाने पाचांपैकी चारांत, काहीच फुटलेलं नसतं. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या धमनीत गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांत रक्तस्राव असतो, पण तोही बहुतेकदा उच्च रक्तदाबाने वर्षानुवर्षं जीर्ण झालेल्या बारीक धमनीतून होतो. उचलून स्ट्रेचरवर ठेवल्याने केशवाहिन्या फुटत नाहीत. मेंदू कवटीत एका द्रवात तरंगत असतो. सुमारे १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार त्या द्रवात जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास उरतो. हादऱ्याने केशवाहिन्या फुटत असत्या, तर आपल्या रस्त्यांवरून रोज दुचाकी हाकणारं निम्मं राज्य एव्हाना अंथरुणाला खिळलं असतं.

आता माणूस ‘न हलवता’ बसवून ठेवला, तर त्या वेळात आत काय होतं ते पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विसावलेल्या शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास वीस टक्के तो एकटा घेतो. त्यातला मोठा हिस्सा विचार करण्यावर नव्हे, तर नुसतं सज्ज राहण्यावर खर्च होतो. प्रत्येक न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणारी मेंदूतली पेशी, आपल्या आवरणाच्या आतबाहेर विद्युतदाबाचा फरक राखून असतो, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. तो टिकवण्यासाठी आवरणातले सूक्ष्म पंप अखंड चालू असतात: तीन सोडियम आयन बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा फरक आहे म्हणून संदेश धावतो, बोट हलतं, शब्द सुचतो. पंप चालतात ते ग्लुकोज आणि ऑक्सिजनवर, आणि न्यूरॉनकडे यांचा साठा जवळपास नसतोच. स्नायू काही काळ शिलकीवर ढकलू शकतो. न्यूरॉनचं पोट हातावर.

मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळत असतं. हा पुरवठा २० च्या खाली घसरला की न्यूरॉन संदेश पाठवणं थांबवतो. हात लुळा पडतो, जीभ अडखळते, पण पेशी अजून जिवंत असते. १० च्याही खाली गेला की पंप बंद पडतात. सोडियम आत घुसतं, पेशी फुगते, ग्लुटामेट हे रसायन बेसुमार बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींमध्ये कॅल्शियमचा लोंढा सोडून त्यांनाही मारतं. म्हणजे गुठळीच्या पुढे दोन प्रदेश तयार होतात. मधला गाभा काही मिनिटांत मरतो. भोवतीचा भाग उपाशी, गप्प, पण जिवंत असतो. डॉक्टर त्याला पेनम्ब्रा म्हणतात. उपचारांची सगळी धडपड या दुसऱ्या भागासाठी असते आणि तो दर मिनिटाला आक्रसत जातो.

किती वेगाने? अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला. मोठी धमनी तुंबून होणाऱ्या सरासरी स्ट्रोकमध्ये, उपचार न मिळाल्यास, दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन, १४ अब्ज सायनॅप्स म्हणजे न्यूरॉनांमधले सांधे, आणि सुमारे १२ किलोमीटर लांबीचे तंतू नष्ट होतात. आकडा सरासरी आहे. कोणाचा वेग कमी, कोणाचा जास्त. आता मेसेजमधला विधी मनातल्या मनात करून बघा. सुई शोधा, तापवा, थंड होऊ द्या, दहा बोटं, प्रत्येकाचा थेंब, मग कान, मग वाट. पंधरा मिनिटं तरी कुठे गेली नाहीत. पावणेतीन कोटींहून जास्त न्यूरॉन. मेंदूत एकूण ८६ अब्ज असले तरी शिल्लक पाहून समाधान मानायची ही जागा नाही, कारण मरणारे नेमके हाताचे, बोलण्याचे, गिळण्याचे असतात.

दुसरा दावा: बोटांतून रक्त काढलं की दाब उतरतो, अडथळा सुटतो.

वाटाण्याएवढा थेंब म्हणजे मिलिलिटरचा छोटासा अंश. दहा बोटांचे दहा थेंब मिळून चहाचा चमचाही भरत नाही. अंगात पाचेक लिटर रक्त असताना एवढ्याने रक्तदाब हलत नाही. हललाच तर वर जाईल, कारण दहा वेळा सुई टोचणं दुखतं आणि दुखलं की दाब वाढतो. रक्तस्रावाचा स्ट्रोक असेल तर नेमकं तेच नको असतं.

पण खरी गफलत जागेची आहे. उजवा हात लुळा पडतो तेव्हा उजव्या हातात काहीच बिघडलेलं नसतं. त्याचे स्नायू, शिरा, नसा सगळं ठाकठीक असतं. बिघाड असतो डाव्या मेंदूत, कारण हालचालीचे आदेश वाहणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू सुरू होण्याच्या जरा आधी, बाजू बदलतात. बोलण्याचं केंद्रही बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी हे १८६१ पासून दाखवून द्यायला सुरुवात केली. म्हणून उजवा हात आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. बोटाला टोचलेल्या सुईचा संदेश हाताच्या नसेतून मज्जारज्जूत, तिथून थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रात आणि मग मेंदूच्या पृष्ठभागावर जातो. तिथल्या पेशी जिवंत असतील तर माणूस कळवळतो. बस, एवढंच. त्या संदेशाने धमनीतली गुठळी विरघळेल असा मार्ग शरीरात नाही.

चिनी परंपरेत बोटांच्या टोकांतून रक्त काढण्याची रीत खरंच आहे, आपल्याकडेही रक्तमोक्षण होतं. रीत जुनी आहे एवढंच त्यातून कळतं.

बोटाला सुई टोचण्याचं एक शहाणं कारण मात्र आहे: ग्लुकोमीटर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर फार उतरली तर हुबेहूब स्ट्रोकसारखी लक्षणं दिसू शकतात. यंत्र घरात असेल तर गाडी येईपर्यंत बघा. त्यासाठी गाडी थांबवू नका.

तिसरा दावा: तोंड वाकडं झालं तर कान ओढा.

कान लाल होतात हे खरं. कानाची पाळी आणि चेहऱ्याची कातडी यांना रक्त येतं बाह्य कॅरोटिड धमनीच्या फांद्यांतून. मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला येतं आतल्या कॅरोटिडमधून. मानेतच दोन्ही वेगळ्या होतात. ए विंगला पाणी येत नाही म्हणून बी विंगमध्ये नळ सोडून ठेवावा, तशातला हा उपाय.

तोंड वाकडं होण्यातही एक बारकावा आहे, तो कळण्यासारखा आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश येतात, गालाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे मेंदूतल्या स्ट्रोकमध्ये ओठाचा कोपरा ओघळतो, पण भुवई सहसा उचलता येते. भुवई, डोळा, ओठ सगळंच एका बाजूला गेलं असेल तर अनेकदा तो बेल्स पाल्सी असतो: चेहऱ्याच्या नसेचीच सूज. ती बरीचशी आपोआप भरून येते, काही आठवड्यांत. कोणी ‘आमच्या मेव्हण्याचं तोंड कान ओढून सरळ झालं’ म्हणालं तर हे आठवा. मात्र घरी हा निवाडा करत बसू नका. मेंदूच्या खोडातला छोटा स्ट्रोकही भुवईसकट अर्धा चेहरा पाडू शकतो. वाकडं तोंड म्हणजे दवाखाना.

चौथा दावा: काही मिनिटांत रोगी बरा होतो, अनेकांचा अनुभव आहे.

हा दावा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण यातला अनुभव खोटा नसतो. लक्षणं खरोखर जातात आणि सुई टोचलेली असते, इतकं खरं आहे. गुठळी कधीकधी आपणहून सुटते किंवा विरघळते, रक्त पुन्हा सुरू होतं, गप्प झालेले न्यूरॉन पुन्हा बोलू लागतात. याला टीआयए म्हणतात, लोक मिनी-स्ट्रोक म्हणतात. बहुतेक टीआयए तासाभराच्या आत, कित्येक तर काही मिनिटांत ओसरतात. सुई टोचली तरी, न टोचली तरी, हनुमान चालिसा म्हटली तरी.

गोष्ट इथे संपत नाही. टीआयए हा मोठ्या स्ट्रोकचा पूर्वइशारा असतो. कॅलिफोर्नियातल्या १७०७ टीआयए रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या दहा टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना तीन महिन्यांत पूर्ण स्ट्रोक आला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच. लवकर तपासणी आणि औषधं मिळाली तर हा धोका खूप कमी करता येतो. म्हणजे ज्याला सुईने ‘बरं वाटलं’ आणि म्हणून जो सोमवारी फॅमिली डॉक्टरला दाखवू म्हणत घरीच राहिला, तोच सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. ज्यांना पुढे स्ट्रोक आला त्यांच्या घरचे ग्रुपवर अनुभव लिहायला येत नाहीत. आपल्यापर्यंत पोचतात ते फक्त टाळ्यांचे मेसेज.

पाचवा दावा: पूर्ण सावरल्यावर दवाखान्यात न्या, गडबड नको.

दवाखान्यात घड्याळ असतं, ते घरून निघायच्या आधीच चालू झालेलं असतं. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध पहिल्या तीन तासांत दिलं, तर पुढे स्वतःच्या पायावर उभं राहणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. २०१५ मध्ये एकापाठोपाठ एक चाचण्यांनी दाखवलं की मोठ्या धमनीतली गुठळी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून ओढून काढता येते आणि त्याचा फायदा ठळक असतो. यातलं काहीही द्यायच्या आधी सीटी स्कॅन लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. गुठळीचं औषध रक्तस्रावात दिलं तर जीवघेणं ठरेल. याच कारणाने घरी ॲस्पिरिन चारणंही जुगार आहे. हा सल्ला हार्ट अटॅकच्या मेसेजमधून इकडे घुसला आहे.

‘सुईने निदान नुकसान तर नाही’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर वर येऊन गेलं आहे.

मग घरच्यांनी करायचं काय? हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक साधं वाक्य म्हणायला सांगा. यातलं एकही बिनसलं, किंवा अचानक तोल गेला, दिसेनासं झालं, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती गाडी काढा. एका कुशीवर झोपवा. पाणी, चहा, साखरपाणी, गोळी, तोंडातून काहीही नको. गिळण्याचे न्यूरॉनही मार खाल्लेले असू शकतात आणि घोट फुप्फुसात जातो. वाढलेला रक्तदाब घरच्या गोळीने उतरवू नका. वाटेत फोन करून विचारा की सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का आणि स्ट्रोकचं इंजेक्शन देतात का. जवळचं पण स्कॅन नसलेलं हॉस्पिटल म्हणजे अनेकदा तास वाया. औषधांची पिशवी बरोबर घ्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी तेच सांगा.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल, शेवटचं नीट कधी पाहिलं? सकाळी उठल्यावर लक्षणं दिसली असतील तर उठल्याची वेळ धरत नाहीत, रात्री शेवटचं व्यवस्थित बोलणं झालं ती वेळ धरतात. पण मग वेळ टळलीच असं घरी ठरवून बसू नका. २०१८ मध्ये आलेल्या दोन चाचण्यांनंतर, स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवण्यासारखा भाग दिसत असेल अशा निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंतही काढतात. आपला माणूस त्यांत बसतो की नाही, हे स्कॅन पाहून त्यांना ठरवू द्या.